किल्ल्यातील मेजवानी आणि कुळांचा खंड

आयर्लंडच्या पश्चिमेस, मेयो आणि गॉलवे या दोन परगण्यांच्या सीमेवर, कॉरिब सरोवराच्या काठी काँग नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाला लागूनच ॲशफर्ड कॅसल ही जुनी गढी उभी आहे. आज ती युरोपातील अत्यंत महागड्या हॉटेलांत गणली जाते. दगडी पूल ओलांडून पाहुणा आत आला की बुरूज, तटबंदी, कोरीव लाकडाचे जिने आणि भिंतींवरची तैलचित्रे त्याचे स्वागत करतात. दिवसा शिकारी पक्षी मनगटावर घेऊन रानातून फिरावे, सरोवरात गळ टाकून बसावे, आणि सायंकाळी कोट चढवून मेजवानीस जावे, असा तेथील दिनक्रम. जेवणघराला पंचम जॉर्ज बादशहाचे नाव आहे. छताला वॉटरफर्डच्या स्फटिकाची झुंबरे आहेत. ताटलीमागून ताटली येते, प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळे मद्य येते, आणि वाढपी इतक्या हलक्या पावलांनी वावरतात की ते आहेत हे जाणवूही नये. एका रात्रीचे भाडे शेकडो युरोंच्या घरात जाते. इतके मोजूनही जगभरातून माणसे येतात आणि तृप्त होऊन परततात.

समाजवादी पक्षाच्या मुखपत्राने अशा हॉटेलाची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. धनिकांच्या चैनीवर आसूड ओढून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने काहीच समजत नाही. उत्तम अन्न, सुंदर वास्तू आणि निवांत सायंकाळ यांत निंद्य असे काही नाही. या गोष्टी मूठभरांनाच का लाभाव्यात, एवढीच समाजवादाची तक्रार आहे. ‘श्रीमंतांचा छंद, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून पाठ फिरवणेही तितकेच सोपे आणि तितकेच निरुपयोगी आहे. कारण अशा हॉटेलांत खाट आणि ताट यांच्यापलीकडची एक गोष्ट विकली जाते, आणि ती सार्वजनिक आहे. ती गोष्ट म्हणजे इतिहास. तो कोणाचा, तो कोण विकतो आणि विकताना त्यातले काय वगळतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि राजकारणाचाही आहे. महाराष्ट्रातील गडकोटांच्या भवितव्याशी तर त्याचा थेट संबंध आहे.

ॲशफर्डच्या इतिहासाची जी रूपरेषा पाहुण्याला सांगितली जाते ती साधारण अशी : अँग्लो-नॉर्मन सरदार डी बर्गो यांनी १२२८ मध्ये गढी बांधली, पुढे ती वेगवेगळ्या उमराव घराण्यांकडे गेली, १८५२ मध्ये डब्लिनच्या प्रसिद्ध मद्य-कारखानदार गिनेस घराण्याने ती विकत घेतली आणि तिला आजचे भव्य रूप दिले. यातले एकही विधान खोटे नाही. मात्र १८५२ हे साल कोणते होते, हे त्यात येत नाही. बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने १८४५ पासून आयर्लंडात महादुष्काळ आला. सुमारे दहा लक्ष माणसे भूक आणि साथी यांना बळी पडली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या काळातही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरे यांची निर्यात चालूच होती. १८४७ च्या कायद्याने पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्या कुळाला सरकारी मदत नाकारली; म्हणजे पोटाला घास हवा असेल तर आधी जमीन सोडावी लागे. कुळे गेली, खंड बुडाला, कर्जबाजारी जमीनदारही बुडाले. त्यांच्या मालमत्ता झटपट विकता याव्यात म्हणून १८४९ मध्ये खास न्यायालय स्थापन झाले, आणि अशाच विक्रीत ॲशफर्ड गिनेस घराण्याकडे आले. सरंजामी मालकाच्या जागी भांडवली मालक आला, तो असा दुष्काळाच्या वाटेने. पुढे या जहागिरीची जमीन सुमारे २६ हजार एकरांपर्यंत वाढली.

गढीपासून थोड्याच अंतरावर एक कोरडा कालवा आजही पाहावयास मिळतो. मास्क आणि कॉरिब ही दोन सरोवरे जोडण्यासाठी दुष्काळी काम म्हणून १८४८ मध्ये तो खोदावयास घेतला. उपाशी माणसांनी सहा वर्षे खडक फोडला. परंतु तेथील चुनखडीचा दगड सच्छिद्र, त्यात पाणी ठरेना. १८५४ मध्ये काम सोडून देण्यात आले. घाटाचे दगडी काठ आणि कुलुपांच्या भिंती तशाच राहिल्या. कालव्यातून नाव कधी गेली नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया-माणसांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना या कोरड्या कालव्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच मेयो परगण्यातील डूलॉख खोऱ्याची हकिगत तर मेजवानीच्या विषयाला अधिकच भिडणारी आहे. १८४९ च्या मार्चअखेर लुईसबर्ग भागातील शेकडो भुकेल्या माणसांना फर्मान मिळाले, की मदत चालू ठेवावयाची असेल तर तपासणीसाठी डेल्फी लॉज येथे हजर व्हावे. डेल्फी लॉज हे स्लायगोच्या उमरावाचे शिकारीसाठी बांधलेले निवासस्थान. अधिकारी तेथे मुक्कामाला होते. कडाक्याच्या थंडीत, डोंगरवाटेने, मैलोगणती चालत माणसे तेथे पोचली. साहेबांचे जेवण चालू असल्यामुळे त्यांना बाहेर थांबविण्यात आले, असे लोकपरंपरा सांगते. पदरात काही न पडता ती परत फिरली आणि वाटेत कित्येकांनी प्राण सोडले. मृतांच्या आकड्याविषयी मतभेद आहेत. माणसे वाटेवर मेली याविषयी नाहीत. त्या खोऱ्यात आज एक स्मारकशिळा आहे आणि तिच्यावर महात्मा गांधींचे एक वचन कोरलेले आहे : आपल्यासारख्याच माणसाची मानहानी करण्यात माणसाला भूषण कसे वाटू शकते, अशा आशयाचे. १९८८ पासून दरवर्षी माणसे त्या वाटेने स्मरणयात्रा काढतात. आणि डेल्फी लॉज? मासेमारीचा शौक असणाऱ्या पाहुण्यांसाठी ते आज उत्तम भोजनाची सोय असलेले निवासगृह आहे.

पण मेयोच्या माणसांनी केवळ मरण पत्करले असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. मायकेल डेव्हिट याच परगण्यातला. तो चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला जमिनीवरून हुसकून लावण्यात आले. इंग्लंडातील कापड गिरणीत काम करताना अकराव्या वर्षी त्याने एक हात गमावला. या डेव्हिटच्या पुढाकाराने १८७९ च्या ऑगस्टमध्ये कॅसलबार गावी मेयोची भूमी संघटना उभी राहिली, आणि दोनच महिन्यांत ती पार्नेलच्या अध्यक्षतेखाली सर्व आयर्लंडची झाली. पुढल्याच वर्षी मास्क सरोवराकाठी, ॲशफर्डपासून काही मैलांवर, जे घडले त्याने जगाच्या शब्दकोशात एका शब्दाची भर घातली. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. पीक बुडाले म्हणून कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली. मालक शेकडा १० वर अडला. कारभाऱ्याने बेदखलीच्या नोटिसा काढताच कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. शेतमजूर कामावर येईनात, घरातील नोकर-चाकर निघून गेले, लोहार नाल ठोकीना, परटीण कपडे धुईना, दुकानदार सामान देईना. अखेर उत्तरेकडून ५० स्वयंसेवक आणून त्याची कापणी करावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे एक हजार सैनिक व शिपाई तैनात झाले. पाचएकशे पौंडांचे पीक वाचविण्यासाठी सरकारने दहा हजार पौंड खर्चले.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. जमीनदारी जमिनीवर उभी असते असे वाटते. वस्तुतः ती इतरांच्या हातांवर उभी असते. स्वयंपाकघरातली बाई, तबेल्यातला पोऱ्या, टपाल आणणारा मुलगा यांनी एकमताने पाठ फिरवली, तेव्हा मालकाचे मालकपण नुसते दस्तऐवजात उरले. ॲशफर्डचे धनी लॉर्ड आर्डिलॉन यांची जहागीरही या वणव्यातून सुटली नाही. १८८२ च्या जानेवारीत त्यांच्या वसुली-कारभाऱ्याचा आणि त्याच्या नातवाचा खून झाला. त्या हिंसेचे समर्थन करण्याचे कारण नाही. किंबहुना बहिष्काराचे सामर्थ्य खुनाहून किती मोठे होते, हेच या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते. खुनाने सरकारला दडपशाहीचे निमित्त मिळाले. बहिष्काराने सरकारला कायदा बदलावा लागला.

महाराष्ट्राने तो शब्द ऐकला आणि आपलासा केला. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना साऱ्याच्या सुटीविषयीचे त्यांचे कायदेशीर हक्क समजावून सांगितले, पुढे १९०६ पर्यंत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने बहिष्कार हे राष्ट्रीय चळवळीचे सूत्र बनले. अर्थात याच भूमीत बहिष्काराला दुसरी, काळीकुट्ट बाजूही होती. गावाने दलितांची वाट, पाणी आणि बाजार बंद करावयाचा, या अर्थाने तो शब्द येथे कितीतरी जुना, डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले ते उगाच नव्हे. दुर्बलाच्या हाती असते तेव्हा हे हत्यार मुक्तीचे असते. सबलाच्या हाती तेच गुलामीचे होते. हत्यार कोणाच्या हाती आहे हे पाहिल्याखेरीज त्याविषयी मत देता येत नाही. वास्तूंविषयीही हेच म्हणता येईल.

आयरिश कुळांचा लढा फुकट गेला नाही. १८८१ च्या कायद्याने वाजवी खंड आणि कसण्याची शाश्वती मान्य झाली. १९०३ च्या कायद्याने सरकारने कर्ज देऊन कुळांना जमिनीचे मालक होऊ दिले. पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन त्यांनी कसली, तिची किंमत त्यांना हप्त्यांनी फेडावी लागली, जमीनदाराला मात्र सरकारी तिजोरीतून एकरकमी मोल आणि वर बोनस मिळाला. तरीही जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, हे सत्य उरतेच. आपल्याकडे १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी हेच काम, अशाच तडजोडींसह, केले. जमीन गेली; गढी राहिली. खंड बंद झाला तेव्हा एवढ्या प्रचंड घराचे करावयाचे काय, हा प्रश्न मालकांपुढे पडला. १९३९ मध्ये ॲशफर्डला हॉटेल झाले, ते या प्रश्नाचे उत्तर म्हणून. भारतात उदयपूरच्या पिछोला सरोवरातील जगनिवास महालाचे १९६३ मध्ये हॉटेल झाले. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाल्यावर तर ही वाट राजमार्गच बनली. सारांश, महालातील हॉटेल हे सरंजामशाहीचे अवशेष नव्हे, तिच्या पराभवाचे अपत्य आहे. कुळाकडून मिळणारा खंड थांबला आणि पाहुण्याकडून मिळणारा खंड सुरू झाला.

‘खंड’ हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. साधे हॉटेल चांगले चालले तर शेजारी दुसरे उभे राहते आणि स्पर्धेने दर खाली येतात. तेराव्या शतकातील गढी मात्र आता नव्याने बांधता येत नाही. पुरवठा निश्चित आणि मागणी वाढती, अशा स्थितीत मालकाला श्रमाशिवाय जो जादा मोबदला मिळतो त्यालाच अर्थशास्त्र खंड म्हणते. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये दाखवून दिले, की काही वस्तूंचे मोल इतरांना त्या मिळत नाहीत यातच असते. सर्वांना मिळाल्या तर त्यांची गोडीच संपते. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी, १८९९ मध्ये, थॉर्स्टीन व्हेब्लेनने रिकामटेकड्या वर्गाच्या देखाऊ उपभोगाची चिकित्सा केली होती. गढीतला पाहुणा जेवतो ते मटण आणि मासे त्याच परगण्यातल्या साध्या खाणावळीतही मिळतात. तो जादा पैसे मोजतो ते एका रात्रीपुरते उमराव होण्यासाठी. तो ससाणा, तो कोट, ते झुंबर, बादशहाच्या नावाचे ते दालन, हे सारे त्या नाटकाचे नेपथ्य आहे. नाटकात कुळांना भूमिका नाही, कारण कुळ दिसले की पाहुण्याचा घास अडेल. कोरडा कालवा आणि डूलॉखची शिळा जाहिरातीच्या पहिल्या पानावर येत नाहीत, ती विस्मृतीमुळे नव्हे. तसे करणे धंद्याच्या हिताचे नाही म्हणून.

आणि हलक्या पावलांनी वाढणाऱ्या त्या माणसांचे काय? आज ते कोणाची कुळे नाहीत. ते वेतन घेणारे कामगार आहेत, हा फरक मोठा आहे आणि तो शंभर वर्षांच्या लढ्यांनी मिळवला आहे. परंतु आयर्लंडमध्ये हॉटेल, उपाहारगृह अशा धंद्यांतील किमान वेतन आणि कामाच्या अटी ठरविणारी जी संयुक्त समित्यांची पद्धत होती, तिचे आदेश मालकांनीच दाखल केलेल्या दाव्यात २०११ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. पुढे नवा कायदा झाला; तरी मालक चर्चेस न बसले तर समित्या कागदावरच राहतात. पाहुण्याने वाढप्याच्या हाती ठेवलेली बक्षिसी मालकाने पगारात वळती करून घेऊ नये, एवढ्या साध्या न्यायासाठी कायदा व्हावा लागला, आणि तो डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला. ज्या भूमीने जगाला बहिष्काराचा धडा दिला, तेथे सेवकाच्या हातावरील चार नाण्यांचे रक्षण करावयास एकविसावे शतक उजाडले!

याउलट बाजूचा युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. हॉटेल नसते तर गढी पडली असती, असे म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. १९२० ते १९२३ या धुमश्चक्रीच्या वर्षांत आयर्लंडातील अडीचशेहून अधिक जमीनदारी वाडे जाळण्यात आले. उरलेल्यांपैकी कित्येकांची छपरे पुढे कर चुकविण्यासाठी मालकांनीच उतरविली. काँगसारख्या गावात तरुणाला काम मिळते ते याच हॉटेलामुळे, हेही नाकारता येत नाही. म्हणून प्रश्न हॉटेल असावे की नसावे हा नाही. मालकी कोणाची, नफा कोठे जातो, दार कोणाला उघडे आणि कथा कोणाची सांगितली जाते, हे चार प्रश्न आहेत. स्पेनने १९२८ पासून दुसरी वाट चोखाळली. तेथे ‘पॅरादोर’ नावाची शासकीय हॉटेले आहेत. १९३० मध्ये ओरोपेसाच्या जुन्या गढीत अशा वास्तूंना आरंभ झाला आणि आज पॅरादोरांची एकूण संख्या शंभराच्या आसपास असून त्यांपैकी अनेक किल्ले, मठ व वाडे यांत आहेत. कंपनी संपूर्णपणे सरकारच्या मालकीची. मिळकतीतून वास्तू राखली जाते आणि नफा सरकारी तिजोरीत जातो. तेथील दरही सामान्य मजुराला परवडणारे नाहीत, हे मान्य करावयास हवे. सार्वजनिक मालकी म्हणजे समता नव्हे. पण सार्वजनिक मालकी असली म्हणजे समतेची मागणी करण्यासाठी निदान एक दार तरी उरते. खाजगी गढीच्या दारावर ती मागणी घेऊन जाणाऱ्यास पहारेकरीच परतवतो.

हे सारे आपल्या दाराशी येऊन ठेपले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्यातील सुमारे २५ किल्ले दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने हॉटेले आणि समारंभस्थळे यांसाठी देण्याचा महाराष्ट्र शासनाचा बेत उघड झाला आणि एकच गदारोळ उठला. शिवरायांच्या गडांवर लग्नाच्या वराती नाचणार काय, हा सवाल गावोगाव घुमला. सरकारने तत्काळ खुलासा केला, की छत्रपतींच्या इतिहासाशी निगडित संरक्षित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही. विचार आहे तो दुसऱ्या वर्गातील, असंरक्षित किल्ल्यांचा. या खुलाशाने अस्मिता शांत झाली आणि वादही विझला. येथेच पुरोगामी मंडळींची चूक झाली. ज्या गडावर महाराजांचे पाऊल पडले तो जनतेचा आणि ज्यावर पडले नाही तो भाडेपट्टेवाल्याचा, अशी वाटणी निमूटपणे मान्य केली गेली. अनाम गढ्या बांधताना जे वेठीला राबले त्यांची, आणि पायथ्याच्या ज्या गावांनी रसद पुरवली त्यांची बाजू कोणीच मांडली नाही. अस्मितेच्या भाषेत सार्वजनिक संपत्तीचा प्रश्न विचारला की उत्तरही अस्मितेपुरतेच मिळते. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. आनंदाचीच गोष्ट. पण या दर्जाबरोबर पर्यटक येतील, पर्यटकांबरोबर भांडवल येईल, आणि पायथ्याच्या जमिनीचे भाव चढू लागले की २०१९ चा प्रश्न नव्या वेषात परत येईल. त्या वेळी उत्तर तयार असले पाहिजे.

तेरेखोलचे उदाहरण विसरण्याजोगे नाही. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी उभारलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने गोव्याच्या मुक्तीसाठी तेथे घुसून तिरंगा फडकविला आणि तुरुंगवास पत्करला. गोवामुक्तीचा लढा हा समाजवादी चळवळीचा आपल्या घरचा इतिहास. १९४६ मध्ये लोहियांनी ठिणगी टाकली आणि १९५५ मध्ये नानासाहेब गोरे सत्याग्रहींच्या अग्रभागी होते. त्या किल्ल्यात पुढे हॉटेल थाटले गेले. आठवड्याच्या वारांची नावे दिलेल्या सात खोल्या आणि समुद्रावर झुकलेले भोजनगृह असे त्याचे वैभव. त्याच तेरेखोल गावच्या जमिनीवर गोल्फचे मैदान आणि आलिशान हॉटेल आणण्याचा घाट घातला गेला तेव्हा आपल्या वहिवाटीसाठी तेथील कुळांना आणि ग्रामस्थांना न्यायालयांची पायरी चढावी लागली. मेयोतले नाट्य अरबी समुद्राच्या काठी पुन्हा पाहावयास मिळाले. वर मेजवानी, खाली कुळांचा दावा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काही गोष्टींचा आग्रह धरावा. किल्ला लहान असो वा थोर, कोणाच्याही नावाशी जोडलेला असो वा नसो, त्याची मालकी सार्वजनिकच राहिली पाहिजे. वापरासाठी करार करावा लागलाच तर तो अल्प मुदतीचा असावा, त्याची कलमे ग्रामसभेपुढे वाचली जावीत, आणि मिळकतीचा ठरावीक हिस्सा दुरुस्तीला व पायथ्याच्या गावाला मिळावा. दार सर्वांना खुले राहावे. सायंकाळी पाहुण्यांची पंगत बसते म्हणून गुराख्याची वाट अडू नये. कामगाराला संघटनेचा हक्क आणि पूर्ण वेतन असावे, आणि स्वयंपाकघरात शिजणारा तांदूळ, नाचणी, मासळी आसपासच्या शेतकऱ्याकडून व कोळ्याकडून रास्त भावाने घेतली जावी. जेथे राजांची नावे कोरली जातील तेथे वेठीवर राबलेल्यांची हकिगतही तितक्याच ठळक अक्षरांत कोरली जावी. यातली एकही मागणी क्रांतिकारक नाही. तरीसुद्धा ती मान्य होण्यासाठी लढावे लागेल, कारण प्रत्येक मागणी खंडाच्या मुळावर येते.

रायगडावर दूध घालणारी हिरकणी दिवस मावळल्यावर दरवाजे बंद झाले म्हणून घरी राहिलेल्या तान्ह्या लेकराच्या ओढीने कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. ती घडली की नाही, हा इतिहासकारांचा प्रश्न. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे : त्या कड्यावरच्या बुरजाला राजाचे, सरदाराचे वा किल्लेदाराचे नाव नाही, गडाला दूध पुरविणाऱ्या गवळणीचे आहे. ॲशफर्डच्या जेवणघराला बादशहाचे नाव आहे. उद्या महाराष्ट्राच्या गडांवर पंगती बसणारच असतील, तर त्या जेवणघरांना कोणाची नावे द्यावयाची, याचा निर्णय मंत्रालयातील भाडेपट्ट्याच्या मसुद्यावर सोडून चालणार नाही. तो पायथ्याच्या गावांनी करावयाचा आहे, आणि त्या गावांशी बोलण्याचे काम आजपासूनच हाती घेतले पाहिजे.